डांगर कोणी फोडायचं

तानुबाई: व्हय, ह्येला म्हनत्यात डांगर. परवा तू आनलंस त्ये पीठ व्हतं.

आम्रपाली: आजी, त्या पुडक्यावर ‘डांगर’ असंच छापलेलं होतं. ताथवड्याच्या दुकानात मी विचारलं, डांगर आहे का? त्या बाईंनी लगेच काढून दिलं. उडदाचं, तिखट-मीठ घातलेलं. वर सांगितलं, दह्यात कालवा आणि फोडणी द्या.

तानुबाई: आन म्या मागवलं व्हतं गायीसाठी. हौशीच्या म्होरं दही-फोडनी घेऊन उभी ऱ्हायले असते, तर ह्या बिल्डिंगीतल्या बायकांनी गॅलरीतनं व्हिडिओ काढला असता.

आम्रपाली: मला काय माहीत, तुमच्याकडे लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. पिंपरीत आमची आई भोपळाच म्हणते. शेजारी रत्नागिरीच्या काकू आहेत, त्यांच्याकडे डांगर म्हणजे ते पीठच. मग टाकून दिलं का ते?

तानुबाई: टाकतीय कशाला. ह्येंनी खाल्लं.

आम्रपाली: आजोबांनी?

तानुबाई: कांदा बारीक चिरला, दही घातलं, ताटात वाडलं. चार घास ग्येलं. दवाखान्यातनं आल्यापासनं मानसानं आपनहून ताट म्होरं वढल्यालं पयल्यांदा बगितलं बग.

आम्रपाली: कुठल्या हातानं?

तानुबाई: डाव्याच. उजव्याचं नाव काडू नगंस. त्यो हात आपला हाय का शेजाऱ्याचा, इतकीसुदीक वळख ठिवली न्हाई त्येंनी.

आम्रपाली: खाल्लं ते बरं झालं. पण पुन्हा ते पीठ देऊ नका. त्यात मीठ फार असतं. बीपी वाढूनच पॅरालिसिसचा अटॅक आला होता ना त्यांना.

तानुबाई: ठावं हाय गं. खात्यात म्हनल्यावर माजा हात आकडला न्हाई, येवडंच.

आम्रपाली: झोपलेत का आता?

तानुबाई: भितीकडं तोंड करून पडल्यात. झोपलं का जागं हायती, द्येवाला ठावं. तुजी गाडी फाटकात वाजली की लगीच कूस बदलत्यात.

आम्रपाली: ते मलाही कळलंय. मी आले की पेशंट झोपतो आणि मी गेले की उठतो. फिजिओथेरपिस्टचं नशीबच असं. बरं, गुरांचे डॉक्टर काय म्हणाले नक्की? फोनवर तुम्ही घाईत होता.

तानुबाई: अंधार पडाया लागला की हौशी धडकाया लागती. पानी पिऊन माघारी येताना भितीला शिंग लागलं तिचं. मला वाटलं, वय झालं आसंल. डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारून बगितलं, मंग इचारलं, मावशी, हिरवं काय खाती ही? म्हनलं, हिरवं कुटनं आनू बाबा? मागच्या वावरात लसूणघास असायचा, कापून टाकला की पुन्ना फुटायचा. आता तितं ह्या बिल्डिंगीची पार्किंग हाय. गाडीवाला वाळला कडबा टाकून जातो, वर भुसा आन पेंड. तर त्यो म्हनला, पोट भरतंय, पर डोळ्याला काय मिळत न्हाई. सुई टोचली आन म्हनला, कायबी करून हिरवा चारा बगा, गाजर द्या, लाल भोपळा द्या.

आम्रपाली: बरोबर सांगितलं त्यांनी. भोपळ्याचा हा केशरी रंग आहे ना, त्याच्यातूनच शरीरात व्हिटॅमिन ए तयार होतं. गायीच्याही आणि आपल्याही. कडबा वाळून जुना झाला की त्यातलं ते उडून जातं. आणि हौशी गाभण आहे. पोटातल्या वासरालाही ते लागतंच.

तानुबाई: मंजी माज्या डोळ्यालाबी चालंल.

आम्रपाली: खायला चालेल, चांगलंच आहे. पण तुम्हाला मोतीबिंदू आहे, आजी. तो भोपळा खाऊन जात नाही, त्याला ऑपरेशनच लागतं. तुम्ही दिवाळीनंतर करते म्हणाला होता.

तानुबाई: दिवाळीनंतर म्हनले व्हते. कंच्या दिवाळीनंतर, त्ये न्हवतं म्हनले.

आम्रपाली: तुमच्याशी बोलण्यात कोणी जिंकायचं नाही. ऐका आता. आजोबांनाही द्या हा भोपळा. वाफवायचा, चमच्याच्या पाठीनं मऊ करायचा, वरून थोडं तूप घातलंत तरी चालेल. मीठ नको. त्यांना गिळताना ठसका लागतो, त्यात हा मऊ असतो, घशात अडकत नाही. आणि रोज सकाळी त्यांचं पोट साफ होत नाही म्हणून तुमची जी चिडचिड चालते, ती पण कमी होईल. चोथा असतो ह्यात. पण वाटीभरच, त्यांची शुगर आहे.

तानुबाई: येका डांगरात गाय आन मालक दोगं भागत्यात म्हन की.

आम्रपाली: भागतात. फक्त बिया आजोबांना नको, ठसका लागेल. हौशीला कच्चाच द्या, सालीसकट, बियांसकट. पण फोडी बारीक हव्यात. मोठी फोड गायीच्या घशात अडकली तर जीवावर बेततं. आणि आज थोडाच, एकदम पाटीभर घातला तर पोट बिघडेल तिचं.

तानुबाई: गायीचं मला नगं शिकवू. तू झाली नसशील तवापासनं मी शेन काडतीया.

आम्रपाली: बरं, नाही शिकवत. कोयती द्या इकडे. मी पटकन फोडून देते, मग आत जाऊन आजोबांची कूस बदलते.

तानुबाई: थांब. हात लावू नगंस त्येला.

आम्रपाली: का? कच्चा आहे का?

तानुबाई: कच्चा न्हाई. आख्खं डांगर बाईनं फोडायचं नसतं.

आम्रपाली: म्हणजे?

तानुबाई: म्हंजे नसतं फोडायचं. थोरल्या लेकावानी असतंय त्ये. पयला घाव गड्यानं घालायचा, मंग बाईनं किती बी बारीक करावं. माज्या सासूच्या सासूपासनं हायच हे.

आम्रपाली: आजी, आमच्या घरात हे सगळं माझ्या आजोबांनीच सोडलं. आमची आई खाली बसते, पायाखाली विळी घेते आणि बसल्या बसल्या आख्खा भोपळा कापते. माझा मोठा भाऊ ठणठणीत आहे. चाकणला कंपनीत आहे, ओव्हरटाइम करतो, वजन वाढलंय उलट.

तानुबाई: तुमच्या घरी कापा. तुज्या आईला म्या नावं ठिवत न्हाई. ह्या घरात न्हाई कापायचं.

आम्रपाली: मग मी कापते ना, तुम्ही नका कापू. मला काही होत नाही.

तानुबाई: डांगर माज्या घरातलं, कोयती माजी, गाय माजी. हात तुजा आसला म्हनून काय झालं. माजा लेक दादासाहेब आला की फोडंल.

आम्रपाली: दादासाहेबांची सेकंड शिफ्ट आहे ना ह्या आठवड्यात? ते येईपर्यंत हौशीही झोपलेली असेल आणि तुम्हीही.

तानुबाई: मंग सकाळी फोडंल.

आम्रपाली: सकाळी ते उठत नाहीत, तुम्हीच सांगता. मागच्या वेळी गाजरं आणली तीन पिशव्या, ती पण दादासाहेब धुऊन देतील म्हणून तशीच राहिली. शेवटी सडली.

तानुबाई: पोरगं दमून येतंय गं. त्येला किती कामं सांगायची. आता तर त्यो म्हनतोय, आई, गाय गोशाळेत देऊन टाकू. बाबांच्यानं व्हत न्हाई, तुला दिसत न्हाई, आन मला टाइम न्हाई. चुकीचं काय बोलला?

आम्रपाली: आजोबा काय म्हणाले त्यावर?

तानुबाई: भितीकडं तोंड केलं.

आम्रपाली: आजी, एक सुचतंय मला. रागावू नका.

तानुबाई: तुला सुचलं की म्होरं कायतरी इपरीत असतंय.

आम्रपाली: दादासाहेब येईपर्यंत थांबायचं कशाला? घरात पुरुष आहे की.

तानुबाई: कोन?

आम्रपाली: आत झोपलेत ते.

तानुबाई: न्हाई. अजाबात न्हाई.

आम्रपाली: ऐकून तरी घ्या.

तानुबाई: काय आयकायचं? त्येंचा हात ग्येलाय. चमचा धरता येत न्हाई आन कोयती देतीस त्येंच्या हातात? तुजं शिक्षान झालंय ना?

आम्रपाली: झालंय, म्हणूनच सांगतेय. हात गेलेला नाही. खांदा उचलतात, कोपर वाकवतात, मूठही वळते आता. परवा उशी सरकवताना मी बघितलं, उजव्या हाताने घट्ट धरली होती. त्यांच्या लक्षात आलं तसं सोडून दिली. हात करायला तयार आहे, आजी. तेच करू देत नाहीत. मी चेंडू दाबायला देते, ते म्हणतात मी काय पोर आहे का. रुमालाची घडी घालायला देते, म्हणतात ही बायकांची कामं. आता हे तर बायकांचं काम नाही ना? तुम्हीच म्हणालात.

तानुबाई: माज्याच शब्दात मला धरतीस व्हय.

आम्रपाली: हो.

तानुबाई: हळू बोल. भित पातळ हाय... आम्रपाली, तुला एक ठावं न्हाई. गनपतीत विजयश्रीच्या माहेरची मानसं आली व्हती. आमच्या सुनंचा बा, भाऊ, समदी. हे खुर्चीवर बसल्यालं, कडक कापडं घातल्याली. सुनंनं समद्यांना चहा दिला. ह्येंनी उजव्यानंच कप घेतला. लई दिवसांनी मलाच बरं वाटलं बगून. आन तोंडापत्तूर जाईस्तवर कप कलला. समदा चहा मांडीवर. ह्येंनी खाली बगितलं आन धरून ठिवलं तसंच, कप उलटा झाल्याला. याह्यांनी तोंड फिरवलं, भल्या मनानंच फिरवलं बिचाऱ्यांनी. पर ह्येंना त्ये दिसलं. त्या दिसापासनं त्यो हात उचलला न्हाई.

आम्रपाली: हे मला का नाही सांगितलं कोणी?

तानुबाई: काय सांगायचं? तीस वर्सं कंपनीत फिटर व्हते. पार्ट हातात घेऊन अंगठा फिरवायचे आन सांगायचे, हितं जास्त घासलंय. साहेब लोक मशीनवर मोजून बगायचे, तर तेवडंच भरायचं. त्या हाताला चहाचा कप धरवंना. तू त्येंच्या म्होरं डांगर ठिवशील, घाव बसनार न्हाई, कोयती खाली पडंल, आन मंग? मंग त्यो मानूस पुन्ना उठायचा न्हाई. भ्या वाटतं मला. तू तासाभरानं गाडीवर बसून जाशील, इतं मला ऱ्हायचंय.

आम्रपाली: खरं आहे तुमचं. मी जाणार, तुम्हीच राहणार. पण अजून एक खरं सांगू का? हात वापरला नाही तर तो असाच आखडत जाणार. हेच महिने असतात सुधारायचे. मग मी रोज आले तरी फार काही हाती लागत नाही. भोपळा खाऊन गायीचे डोळे सुधारतील, आजोबांचं पोट सुधारेल. हात नाही सुधारणार. तो हलवल्यानंच सुधारतो. मलाही भीती वाटते, आजी, पण न हलवण्याची जास्त वाटते.

तानुबाई: तू म्हनतीस त्ये कळतंय गं मला. पर...

मालोजी: चहाचं सांगून झालं का तिला?

तानुबाई: अगं बाई. जागं हाय व्हय तुमी.

मालोजी: झोपू कुटं देताय. डांगर... डांगर. मगापासनं.

आम्रपाली: आजोबा, आत येऊ का?

मालोजी: ये. चेंडू नगं काडू.

आम्रपाली: चेंडू बॅगेतच आहे. आज काढत नाही.

तानुबाई: आम्रपाली, ऱ्हाऊ दे.

मालोजी: काय ऱ्हाऊ दे? बोल गं पोरी तू. काय अडलंय?

आम्रपाली: भोपळा अडलाय. आजी मला कापू देत नाहीत, स्वतः कापत नाहीत. गुरांचे डॉक्टर म्हणतात हौशीला खायला घाला. ती दावणीला उभी आहे. अंधार पडला की तिला दिसायचं नाही.

मालोजी: दादासाहेब?

तानुबाई: कामावर. रातीला येतोय त्यो.

मालोजी: मंग थांबा रातीपत्तूर.

तानुबाई: व्हय, थांबतो आमी. तुमी पडा.

मालोजी: गाय... मातर थांबायची न्हाई.

आम्रपाली: नाही थांबायची.

मालोजी: कोयती ऱ्हानार न्हाई माज्या हातात. कप ऱ्हायला न्हाई.

आम्रपाली: कपाला बोटांचं बारीक काम लागतं, आजोबा. ते सगळ्यात शेवटी येतं. मी तिथं असते तर कप तुम्हाला दिलाच नसता, चूक द्यायच्यात होती. कोयतीला मूठ लागते. मूठ तुमची आलीये. आणि एकट्यानं नाही करायचं. तुमच्या मुठीवर माझा हात असेल. घाव नाही बसला तर नाही बसला, भोपळ्यात सांडायला काही नसतं.

मालोजी: घाव घालायचा न्हाई. आपटली की घसरंल.

आम्रपाली: मग?

मालोजी: बत्ता आन गं. खलातला.

तानुबाई: बत्ता कशापायी?

मालोजी: छन्नी-हातोडीवानी. कोयती ठिवायची... वरनं ठोका. ठोका डाव्यानं. धरायचं उजव्यानं.

आम्रपाली: हे मला सुचलंच नव्हतं. आजी, बत्ता द्या. आणि भोपळा गोल आहे, लोळेल. खाली काहीतरी पाहिजे.

तानुबाई: चुंबळ हाय. डोक्यावर घ्यायची. ती द्येते खाली.

आम्रपाली: उठा, आजोबा. आधी डाव्या कुशीवर. आता पाय खाली सोडा. दोन्ही तळवे टेकवा जमिनीला. उजवासुद्धा, पूर्ण. घाई नाही. पाट समोर सरकवते... जमेल ना इतकं वाकायला?

मालोजी: जमंल.

आम्रपाली: आजी, तुम्ही पाट धरता का?

तानुबाई: मी न्हाई. मी तिकडं तोंड करून बसते.

मालोजी: हिकडं बस. धर पाट.

तानुबाई: धरते. आवं, पर सांबाळून.

आम्रपाली: हे घ्या. मूठ उघडा. अजून थोडी. उघडतेय बघा. आता बोटं वळवा, एकेक. अंगठा वरून. मी धरलंय, तुम्ही धरलं की सांगा.

मालोजी: हितं न्हाई ठिवायची. दोन फुगवट्यांच्या मदी... ती खाच हाय ना. तितं.

आम्रपाली: इथे?

मालोजी: उलिसं आलीकडं. आं. तू दाबू नगं. धर नुसती.

आम्रपाली: नुसती धरते.

(कोयती एकदा सालीवरून घसरते. ती पुन्हा खाचेत बसते. मग बत्त्याचे ठोके आणि साल फुटल्याचा जाड आवाज.)

मालोजी: बसली.

आम्रपाली: बसली. आजोबा, एक सांगू? शेवटच्या ठोक्याला मी हात उचलला होता. तुम्हीच धरली होती.

मालोजी: कळलं मला. तुजा हात गार हाय. गार लागायचं बंद झालं.

तानुबाई: रंग बगा की. हळदीवानी हाय आतनं.

मालोजी: रडतीस काय.

तानुबाई: रडत न्हाई. पाट धरून हात भरून आला.

मालोजी: तुला येक इचारू?

तानुबाई: इचारा.

मालोजी: रानात डांगर कोन फोडायचं?

तानुबाई: कवाची गोष्ट?

मालोजी: मी फस्ट शिफ्टला. तू रानात. म्हस व्हती तवा. मी दुपारी यायचो, गोठ्याच्या मागं साली पडल्याल्या असायच्या. गडी कुनी नसायचा.

तानुबाई: तुमाला ठावं व्हतं?

मालोजी: फिटर व्हतो. घाव बगून कळतं, कुनाचा. इळ्याचा... तिरका, बाईच्या हाताचा.

तानुबाई: मंग इतक्या वर्सांत कदी बोलला न्हाईत.

मालोजी: काय बोलायचं. म्हस उपाशी ठिवायची का?

आम्रपाली: थांबा. म्हणजे आजी, तुम्ही आधी कापत होता? आणि मला अर्धा तास सासूची सासू सांगत होता?

तानुबाई: सांगत व्हते. सासू घरात असायची, तवा घरात पाळायचं. रानात कोन बगतंय? तवा कशाचं भ्याच न्हवतं गं मला. हे हात-पाय धड. काय वाकडं झालंच तर हे निस्तरतील, असं वाटायचं. हे पडल्यापासनं मी समदं पाळाया लागलीया. मांजर आडवं ग्येलं तर माघारी फिरती. शनवारी नख काढत न्हाई. डांगराला कोयती लावायची म्हनलं, तर वाटतं घाव ह्येंच्यावरच बसंल. थोरल्या लेकाचं सांगितलं तुला, पर मला लेकाचं न्हवतं गं भ्या.

मालोजी: माजं?

तानुबाई: मंग कुनाचं?

मालोजी: येवडं भ्या वाटतंय तुला?

तानुबाई: लई वाटतंय. राती तुमचा श्वास बगाया उठती. तुमी भितीकडं तोंड करून पडता दिसभर, मंग म्या कुनाला सांगू? भितीला?

मालोजी: ...मला सांगत जा.

तानुबाई: तोंड हिकडं करा, मंग सांगन.

आम्रपाली: मी जरा हौशीकडे जाऊन येते.

तानुबाई: कुटं जातीस? बस. फोडी कोन करनार? पयला घाव झाला, आता बायकांना मोकळीक हाय.

मालोजी: आरदं डांगर मला द्या.

आम्रपाली: आज एवढंच, आजोबा. हात थकलाय तुमचा. जास्त केलं तर उद्या दुखेल.

मालोजी: दुखंल तर दुखंल. मुठीत कायतरी हाय, त्ये तरी कळंल.

आम्रपाली: एक काम करा. फोडी आजी करतील. तुम्ही त्या उचलून पाटीत टाका. उजव्या हाताने. बारीक फोड नाही उचलता आली तर मोठी उचला. पाटी मी इथे ठेवते, थोडी लांब.

मालोजी: लांब मुद्दाम ठिवतीस.

आम्रपाली: हो, मुद्दामच.

तानुबाई: ही घ्या. साल खालच्या अंगाला करा, न्हाईतर निसटंल. ...निसटली.

मालोजी: निसटू दे. दुसरी दे.

तानुबाई: पडल्याली मी उचलते.

मालोजी: नगं. ऱ्हाऊ दे खाली. गाय खाईल की.

आम्रपाली: आता गेली पाटीत. अजून एक. कोपर अंगाजवळ नको, सुटू द्या.

तानुबाई: येक फोड घेऊन जाते दावनीकडं, गायीला आवडतंय का त्ये तरी बगू आदी. हौशे, हे घे. ...आवं, बगताय का? दारातनं दिसतीया का? वास घेती नुसती.

मालोजी: येकदम नगं. जिभंला लाव तिच्या. रस लागू दे.

तानुबाई: लावला. ...खाल्लं. दुसऱ्यासाठी मान लांब केली बगा.

मालोजी: सालीचं बारीक कर. मोठं नगं घालू तिला.

आम्रपाली: हे मी मघाशीच सांगितलं, तर मला म्हणाल्या, तू झाली नसशील तेव्हापासून शेण काढतेय.

मालोजी: तिला असंच असतंय. दादासाहेबाला सांगा, गोशाळंचं बगू नगं म्हनावं.

तानुबाई: तुमीच सांगा.

मालोजी: सांगतो. राती जागा ऱ्हातो.

आम्रपाली: आजी, आजोबांसाठी ह्यातल्या ह्या चार फोडी बाजूला काढा. बिया काढून टाका, साल सोलून वाफवा. चमच्याने खायला घालू नका, वाटी आणि चमचा दोन्ही त्यांच्यासमोर ठेवा. उजव्यात चमचा, डाव्याने आधार. सांडलं तर भोपळाच आहे, पुसून टाका.

तानुबाई: चमच्याला फडकं गुंडाळते जाड. मुठीत बसंल.

आम्रपाली: अगदी बरोबर. मीही तेच सांगणार होते. चला, मला निघायला हवं. मारुंजीला एक पेशंट आहेत, तिथे आज उशीर झाला. परवा येते, आजोबा.

मालोजी: उद्या न्हाई का येत?